विजेत्यांवरील पहारा : युद्धोत्तर शहरांतील लष्करी पोलीस

युद्ध कशामुळे पेटले, कोणत्या लढाया झाल्या आणि तह कोठे झाला एवढे सांगून आपल्या शालेय इतिहासाचे प्रकरण संपते. शस्त्रे खाली ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी पराभूत शहरात काय घडते, हे परीक्षेत विचारले जात नाही आणि म्हणून शिकविलेही जात नाही. त्या दिवशी शहरात हजारो सशस्त्र तरुण असतात. ते घरापासून दूर असतात, विजयाच्या धुंदीत असतात आणि कालपर्यंतचे काम संपल्यामुळे रिकामे असतात. त्यांच्यासमोर उपाशी नागरिक, पडकी घरे, कर्ते पुरुष गमावलेली कुटुंबे असतात. या तरुणांपैकी एखाद्याने दुकान लुटले, एखाद्या स्त्रीच्या अंगावर हात टाकला, तर तक्रार कोणाकडे करायची? शहरातील पोलीस पराभूत राष्ट्राचे. त्यांना विजेत्याच्या अंगाला स्पर्श करण्याचाही अधिकार नाही.

या प्रश्नाचे उत्तर म्हणून जी यंत्रणा उभी राहिली ती म्हणजे लष्करी पोलीस. नावावरून वाटते की हे सैन्याचे पोलीस जनतेवर लक्ष ठेवण्यासाठी असावेत. वास्तविक त्यांचे पहिले कर्तव्य सैन्यावर लक्ष ठेवण्याचे आहे. वसतिगृहात वाढलेल्या आपल्या वाचकांना शिस्त कोण लावतो आणि शिस्त लावणाऱ्याकडे कोण पाहतो, हा प्रश्न अगदी अपरिचित नसावा. दुसऱ्या महायुद्धानंतर व्याप्त शहरांत ही यंत्रणा कशी रचली गेली आणि त्यात आपल्या मराठी मुलखातील जवानांचा संबंध कसा आला, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

आधी शब्दाचा थोडा खुलासा करणे भाग आहे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात 'मिलिटरी पोलीस' हे नाव एका निराळ्याच अर्थाने रूढ होते. सरहद्दीवर व डोंगराळ भागात बंदोबस्तासाठी ठेवलेल्या सशस्त्र दलांना ते नाव असे. आजची आसाम रायफल्स एके काळी आसाम मिलिटरी पोलीस म्हणून ओळखली जात होती. आपला विषय तो नाही. सैन्यातील शिस्त, लष्करी वाहतूक, युद्धकैद्यांची ने-आण, फरारी शिपायांचा शोध आणि सैनिकांकडून घडलेल्या गुन्ह्यांचा तपास ही कामे करणारी जी शाखा, ती 'प्रोव्होस्ट' शाखा. भारतीय सैन्यात तिची पहिली तुकडी १९३९ साली, महायुद्धाच्या तोंडावर उभी राहिली. आज तिला कोअर ऑफ मिलिटरी पोलीस म्हणतात. प्रशिक्षण केंद्र बंगळुरूला आहे. डोक्यावर लाल टोपी, कमरेला पांढरा पट्टा आणि दंडावर काळ्या पट्टीवर लाल अक्षरे अशा वेशातील हे जवान मोठ्या रेल्वे स्थानकांवर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. सुटीवर निघालेला साधा शिपाई त्यांना पाहताच नकळत गणवेशाची गुंडी लावतो, यातच त्यांचे स्थान कळते.

आता व्याप्त शहराकडे वळू. ज्या शहरात ही रचना सर्वांत गुंतागुंतीची झाली आणि म्हणूनच अभ्यासाला सर्वांत सोयीची ठरली, ते ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. १९४५ च्या एप्रिलमध्ये सोव्हिएत सैन्याने ते जिंकले. नंतर जुलैत झालेल्या करारानुसार शहराचे अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच आणि सोव्हिएत असे चार विभाग पाडण्यात आले. मात्र शहराचा गाभा, म्हणजे पहिला जिल्हा, कोणा एकाच्या ताब्यात न देता चौघांच्या सामाईक कारभाराखाली ठेवला गेला. त्याची सूत्रे दर महिन्याला एका राष्ट्राकडून दुसऱ्याकडे जात.

यातील अडचण आपल्याकडच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. अंधेरी किंवा घाटकोपर स्थानकावर ज्याचे पाकीट मारले गेले आहे त्याला हद्द म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावे लागत नाही. फलाटावरचा गुन्हा लोहमार्ग पोलिसांचा, रेल्वेच्या मालमत्तेचे रक्षण रेल्वे सुरक्षा दलाचे आणि पुलाची शेवटची पायरी उतरली की मुंबई पोलीस. एकाच देशाची, एकच भाषा बोलणारी ही तीन दले. तरीही सामान्य माणूस या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरतो. व्हिएन्नात तर चार राष्ट्रे होती, चार भाषा होत्या, चार लष्करी कायदे होते, आणि त्यांतील दोन पक्षांमध्ये परस्परांविषयीचा संशय दिवसेंदिवस वाढत होता. पहिल्या काही महिन्यांत लूटमार व अत्याचाराच्या तक्रारी पुष्कळ झाल्या. फ्रेंच शिपायाने अमेरिकन शिपायाला अडवावे की नाही, सोव्हिएत सैनिकाने धिंगाणा घातला तर ब्रिटिश पोलिसाने काय करावे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

त्यावर काढलेला तोडगा दिसायला अतिशय साधा होता. एका जीपमध्ये चार राष्ट्रांचे चार लष्करी पोलीस एकत्र बसवायचे आणि त्यांनी शहरभर गस्त घालायची. गाडी अमेरिकनांची आणि सहसा चालकही अमेरिकन. चौघांना समान अशी भाषा म्हणजे तोडकीमोडकी जर्मन, जी त्यांच्यापैकी कोणाचीच मातृभाषा नव्हती. ज्या राष्ट्राकडे त्या महिन्याचे अध्यक्षपद असेल त्याच्याकडे गस्तीचे नेतृत्व. अपराधी ज्या राष्ट्राचा असेल त्या राष्ट्राच्या पोलिसाने पुढे होऊन त्याला ताब्यात घ्यायचे आणि त्याच राष्ट्राच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या हवाली करायचे. उरलेल्या तिघांनी पाठीशी उभे राहायचे. अपराधी जर ऑस्ट्रियन नागरिक असेल तर तो ऑस्ट्रियन पोलिसांकडे जाई. या संयुक्त गस्तीचे ठाणे आउएर्सपेर्ग नावाच्या एका जुन्या राजवाड्यात होते. अमेरिकेच्या बाजूने ७९६ व्या मिलिटरी पोलीस बटालियनचे जवान या कामावर असत.

या रचनेत जी बारीक अक्कल आहे ती लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्याच माणसाने आपल्याला पकडले की शिपायाचा राष्ट्राभिमान दुखावत नाही, हा झाला एक भाग. दुसरा भाग माझ्या मते अधिक महत्त्वाचा: पकडणाऱ्याच्या मागे तीन परके साक्षीदार उभे आहेत. आपल्या देशबांधवाला चार शिव्या घालून सोडून द्यावे, असे त्या पोलिसाला वाटले तरी तिघांच्या देखत ते कठीण. म्हणजे अपराध्यावर पोलिसाची नजर आणि त्या पोलिसावर इतर तिघांची. वसतिगृहात रात्रीच्या फेरीला एकाच खोलीतील दोन मुले कधी एकत्र धाडीत नाहीत, त्यामागचा हिशेब याहून फार वेगळा नसतो.

ही व्यवस्था निर्दोष होती असे मुळीच नाही. सोव्हिएत विभागातून माणसे अचानक नाहीशी होत आणि तेथे चौघांच्या जीपचा काही उपयोग होत नसे. शीतयुद्ध तापले तेव्हा चार सैन्यांच्या मुख्यालयांत बोलणे जवळपास बंद होते. पण जीप फिरतच राहिली. १९५१ मध्ये एका स्विस चित्रपटाने तिचे नाव सर्वत्र पोचविले. १५ मे १९५५ रोजी ऑस्ट्रियाशी राज्यकरार झाला, परकी सैन्ये निघून गेली आणि गस्तही थांबली. दहा वर्षे एका गाडीत बसणे हे त्या काळातील चार महासत्तांना इतरत्र कोठेही साधले नाही. बर्लिनमध्येही नाही.

व्हिएन्नात मराठी माणूस नव्हता. तो होता जपानमध्ये.

१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली आणि २ सप्टेंबरला तिच्यावर सह्या झाल्या. सर्वोच्च अधिकार अमेरिकेच्या जनरल मॅकआर्थर यांच्याकडे होते. पुढे डिसेंबरमध्ये झालेल्या समझोत्यानुसार ब्रिटिश राष्ट्रकुलाची एक संयुक्त सेना जपानमध्ये ठेवण्याचे ठरले. तिच्यात ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान या चार देशांचे सैनिक होते. एकूण संख्या ४० हजारांच्या घरात, त्यांपैकी हिंदी सैनिक १० हजारांच्या आसपास. त्यांच्या वाट्याला आलेला प्रदेश म्हणजे होन्शू बेटाचा पश्चिम भाग आणि शिकोकू बेट. कुरे हे उद्ध्वस्त नाविक बंदर हा या सेनेचा मुख्य तळ. तेथून जवळच हिरोशिमा. दरवर्षी ६ ऑगस्टला आपण ज्या शहराचे स्मरण करतो त्या शहराच्या राखेत उतरलेल्या विदेशी सैनिकांत हिंदुस्थानचेही जवान होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

हिंदी पायदळाची जी २६८ वी ब्रिगेड तेथे गेली तिच्यात पंजाब, गुरखा आणि मराठा अशा तीन पलटणी होत्या. मराठा पलटण म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, 'जंगी पलटण'. अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये इटलीतील सेनिओ नदीवरील पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याच पलटणीत असताना. त्या रक्तपातानंतर वर्षभरातच ही पलटण जगाच्या दुसऱ्या टोकाला जपानमध्ये उतरली. ब्रिगेडचे मुख्य ठाणे मात्सुए येथे होते. नेतृत्व प्रथम ब्रिगेडियर थिमय्या यांच्याकडे आणि नंतर कोल्हापुरात जन्मलेल्या श्रीनागेश यांच्याकडे होते. दोघेही पुढे स्वतंत्र भारताचे सेनाप्रमुख झाले.

या सेनेचे अधिकार मुद्दाम आखून दिलेले होते आणि आपल्या विषयाचा गाभा तोच आहे. राष्ट्रकुल सेनेला आपल्या प्रदेशात राज्यकारभार करण्याचा अधिकार नव्हता. तो अमेरिकेच्या लष्करी प्रशासनाने स्वतःकडे ठेवला होता, आणि तेही प्रत्यक्ष कारभार जपानी सरकारमार्फतच चालवीत. राष्ट्रकुल सेनेने करायचे ते एवढेच: शस्त्रसाठे शोधून नष्ट करणे, गस्त घालणे, परदेशांतून परतणाऱ्या लाखो जपान्यांच्या आगमनाची व्यवस्था पाहणे, समुद्रमार्गे कोरियातून चोरून येणाऱ्यांना अडविणे. १९४६ मध्ये कोरियात पटकीची साथ होती, म्हणून हे शेवटचे काम विशेष जोखमीचे झाले, आणि जपानी समुद्राकाठचा तो किनारा नेमका हिंदी ब्रिगेडकडे होता. १० एप्रिल १९४६ रोजी जपानी स्त्रियांनी प्रथमच मतदान केले आणि ३९ स्त्रिया निवडून आल्या. त्या दिवशी या सेनेच्या तुकड्यांनी आपल्या भागातील मतदान केंद्रांची पाहणी केली. त्या घटकेला हिंदुस्थानात सरसकट प्रौढ मतदान नव्हते, स्वराज्यही नव्हते. पारतंत्र्यातील राष्ट्राची फौज दुसऱ्या राष्ट्राची लोकशाही उगवताना पहारा देत होती, असा हा विलक्षण प्रसंग.

जपानी पोलीस दल बरखास्त करण्यात आले नव्हते. चोरी, मारामारी, रहदारी हे सर्व तेच पाहत. मात्र त्यांचे हात एका ठिकाणी बांधलेले होते: दोस्त सैन्यातील कोणाही सैनिकाला अटक करण्याचा अधिकार त्यांना नव्हता आणि जपानी न्यायालयाला त्याचा खटला चालविता येत नव्हता. म्हणून चौकात जपानी पोलीस आणि लष्करी पोलीस यांची जोडी उभी राहू लागली. समोरचा माणूस जपानी असेल तर पहिला पुढे होई, सैनिक असेल तर दुसरा. व्हिएन्नातील जीपमध्ये चार विजेते होते. येथे जेता आणि जित शेजारी उभे होते. (रहदारीपुरती हिंदी चालकांची मात्र सोय होती. जपानमध्येही वाहने आपल्यासारखी रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालतात. अमेरिकनांना ती सवय नव्याने लावून घ्यावी लागली.)

लष्करी पोलिसांचा दिवस कशात जाई? मोठ्या गुन्ह्यांपेक्षा लहान लहान नियमांच्या अंमलबजावणीत. राष्ट्रकुल सेनेत जपानी लोकांशी जवळीक न करण्याचा कडक हुकूम होता. जपानी घरात जायचे नाही, त्यांच्या कौटुंबिक समारंभात भाग घ्यायचा नाही, वागणूक औपचारिक पण सभ्य ठेवायची. कोणती गल्ली, कोणते उपाहारगृह सैनिकांना बंद आहे याच्या पाट्या लावलेल्या असत. रेल्वेगाड्यांना दोस्त सैन्यासाठी पांढऱ्या पट्ट्याचे वेगळे डबे जोडले जात. बाजूच्या डब्यात जपानी प्रवासी खिडकीतून लोंबकळत आणि पांढऱ्या पट्ट्याचा डबा अर्धा रिकामा धावे. गणवेश, जात, वर्ण यांवरून वेगळे डबे, वेगळे पाणवठे यांचा अर्थ ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे, त्याला या दृश्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

सर्वांत मोठा प्रश्न काळ्या बाजाराचा होता. सैनिकाला साबण, सिगारेट, साखर सहज मिळे आणि जपानी माणसाकडे त्याच वस्तूंची भीषण टंचाई. एका पाकिटाच्या बदल्यात घरातला किमोनो किंवा वडिलोपार्जित वस्तू बाहेर येई. शिधावाटपावर मिळणाऱ्या धान्यात माणूस जगूच शकत नव्हता. टोकियो जिल्हा न्यायालयातील यामागुची योशितादा या तरुण न्यायाधीशासमोर काळ्या बाजारात धान्य घेतल्याच्या आरोपाखाली गरीब माणसे उभी राहत आणि त्याला त्यांना शिक्षा द्यावी लागे. आपण स्वतः मात्र काळ्या बाजारातले खाऊन इतरांना शिक्षा देणे त्याच्या मनाला पटेना. त्याने केवळ शिधापत्रिकेवर जगायचे ठरविले आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये तो कुपोषणाने मरण पावला. त्याचा निर्णय शहाणपणाचा होता का, यावर जपानमध्ये तेव्हाही दोन मते होती. मात्र या बाजारात माल पुरविणाऱ्या परक्या सैनिकाला पकडणारी एकच यंत्रणा होती, ती म्हणजे लष्करी पोलीस. आणि तिच्या जाळ्यातून बरेच काही निसटत असे.

या यंत्रणेची काळी बाजूही लपवून चालणार नाही. शरणागतीनंतर काही दिवसांतच जपानी सरकारनेच, इतर स्त्रियांच्या 'रक्षणा'चे निमित्त सांगून, परक्या सैनिकांसाठी गरीब घरातील मुलींना कुंटणखान्यांत लोटले. १९४६ च्या मार्चमध्ये ती केंद्रे सैनिकांना बंद झाली. परंतु कारण रोगाच्या फैलावाचे होते, त्या मुलींच्या अप्रतिष्ठेचे नव्हे. त्यानंतर लष्करी पोलीस आणि जपानी पोलीस मिळून रस्त्यावर छापे घालीत आणि हाती लागलेल्या स्त्रियांना, त्यांत कामावरून घरी परतणाऱ्याही असत, सक्तीच्या वैद्यकीय तपासणीसाठी नेत. सैनिकाला शिस्त लावायची म्हणून निघालेल्या गाडीत शेवटी कोंबली गेली ती बाई. वृत्तपत्रांवर निर्बंध होते, त्यामुळे व्यापक सैन्याविरुद्ध एक अक्षरही छापता येत नव्हते. जेथे तक्रार छापली जाऊ शकत नाही तेथे पोलिसावर नजर ठेवणारा तिसरा माणूस कोण, हा प्रश्न व्हिएन्नापेक्षा जपानमध्ये अधिक अनुत्तरित राहिला.

तरीही जपानमधील हिंदी जवानांचा काळ पुष्कळसा शांततेत गेला. आपल्याच मराठा पायदळाच्या दुसऱ्या पलटणींना त्याच सुमारास काय अनुभवावे लागले ते पाहिले की हा फरक कशामुळे पडला ते समजते. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियातील सुराबाया शहरात ब्रिटिश-हिंदी सैन्याची ४९ वी ब्रिगेड उतरली. तिच्यातही मराठा जवान होते. काम सांगितले होते जपानी सैन्याला निःशस्त्र करण्याचे आणि छावण्यांतील बंदिवानांना सोडविण्याचे. मात्र इंडोनेशियाने ऑगस्टमध्येच स्वातंत्र्य जाहीर केले होते. स्थानिक नेत्यांशी अधिकारांच्या मर्यादेबाबत समझोता झाला, आणि तेवढ्यात विमानातून पत्रके पडली: सर्वांनी शस्त्रे खाली ठेवावीत, अन्यथा गोळी घालण्यात येईल. समझोता करणाऱ्या ब्रिगेडियर मॅलबी यांना या पत्रकांची पूर्वकल्पना नव्हती. शहरभर लहान लहान गटांत विखुरलेल्या जवानांवर हल्ले झाले, अनेक मारले गेले. ३० ऑक्टोबरला मॅलबीही मारले गेले आणि १० नोव्हेंबरपासून शहरावर तोफा व बॉम्ब सुरू झाले. तो दिवस इंडोनेशियात आजही वीर दिन म्हणून पाळतात. जवान तेच, पलटणीची परंपरा तीच. मात्सुएमध्ये कोणाचा अधिकार कोठपर्यंत, हे प्रत्येक शिपायाला माहीत होते. सुराबायात सकाळी एक हद्द होती आणि दुपारी ती कागदाच्या कपट्यांनी पुसली गेली.

या गोष्टीचे पडसाद मुंबईत उमटले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या 'तलवार' नौदल केंद्रावरील खलाशांनी जो उठाव केला, त्याच्या मागण्यांत खाणेपिणे आणि वागणुकीच्या तक्रारींबरोबरच इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत बोलवावे ही मागणी होती. परक्यांच्या शहरावर पहारा देण्यासाठी आपले हात का वापरले जावेत, असा तो प्रश्न होता. जपानमधून हिंदी तुकड्या स्वातंत्र्यानंतर, १९४७ संपण्यापूर्वी परतल्या.

महार रेजिमेंट जपानला गेली नव्हती. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला तिची उभारणी झाली. १८९२ नंतर महारांसाठी बंद झालेले लष्कराचे दार पहिल्या महायुद्धात थोडे उघडले आणि पुन्हा लावले गेले होते. ते कायमचे उघडण्यासाठी बाबासाहेबांनी केलेला पाठपुरावा आपल्या वाचकांना परिचित आहे. या रेजिमेंटला नागरिकांमधील बंदोबस्ताचे काम करावे लागले ते परदेशात नव्हे, स्वदेशात. फाळणीच्या वेळी स्थापन झालेल्या पंजाब सीमा दलात तिच्या तुकड्या होत्या आणि निर्वासितांच्या तांड्यांना संरक्षण देत नेण्याचे काम त्यांच्याकडे होते. ते दल १ ऑगस्ट १९४७ रोजी अस्तित्वात आले आणि सप्टेंबरच्या आरंभी गुंडाळावे लागले. बारा जिल्हे, अपुरे सैन्य, आणि स्थानिक पोलीस धर्माच्या रेषेवर दुभंगलेले. तेथे चौकात शेजारी उभा राहील असा दुसरा पोलीसच उरला नव्हता. या सर्व प्रकरणांत मला हेच सर्वांत दुःखद वाटते. मुलुंड, उल्हासनगर येथील जुन्या लष्करी छावण्यांच्या जागी ज्या निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांचा उगम याच वणव्यात आहे. आज त्या रस्त्यांवरून शाळेत जाणाऱ्या मुलांना 'कॅम्प' हे नाव का पडले याची बहुधा कल्पना नसते.

शेवटी एका मराठी सेनानीने उभारलेल्या व्यवस्थेविषयी लिहिले पाहिजे, कारण व्हिएन्ना आणि मात्सुए येथील दोन्ही पेच तिच्यात एकत्र आले होते. कोरियातील युद्ध २७ जुलै १९५३ रोजी थांबले. मायदेशी परतण्यास नकार देणारे बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन कैदी दक्षिणेकडे होते. उत्तरेकडेही असे काही शेकडा कैदी होते. त्यांना कोणाच्या स्वाधीन करायचे यावर तह अडला होता. अखेर पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष थिमय्या, म्हणजे मात्सुएतील ब्रिगेडचे जुने प्रमुख, आणि कैद्यांचे रक्षण करणाऱ्या भारतीय अभिरक्षक दलाचे सेनापती मेजर जनरल शंकरराव थोरात. थोरात कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावचे. ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत थिमय्या व थोरात एकाच ब्रिगेडमध्ये दोन पलटणींचे प्रमुख होते.

या दलात पाच-सहा हजार माणसे होती आणि त्यांत दुसरी पॅरा (मराठा) पलटणही होती. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीयांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही अशी धमकी दिली, तेव्हा बंदरावरून या जवानांना हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात नेण्यात आले. तेथे तंबू आणि काटेरी तारांची जी वसाहत उभी राहिली तिला 'हिंद नगर' नाव पडले. कैदी भारतीयांचे शत्रू नव्हते आणि मित्रही नव्हते. त्यांचे स्वतःचे पुढारी तारांच्या आत जबरदस्त दहशत बसवून होते. परत जावेसे वाटणाऱ्यास मारहाण होई, प्रसंगी खूनही पडत. पहारेकऱ्यांनी कोणालाही इकडे वा तिकडे ढकलायचे नव्हते. ज्याला जे सांगायचे आहे ते त्याला निर्भयपणे सांगता यावे, एवढीच जबाबदारी होती. ती गोळीबाराने पार पाडणे अशक्य.

सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या अधिकाऱ्याला आपल्या कुंपणात ओढून ओलीस धरले. बाहेर सशस्त्र पलटण सज्ज होती. थोरात स्वतः निःशस्त्र आत गेले, खवळलेल्या जमावात बसून त्यांच्याशी बोलले आणि ग्रेवालांना घेऊन बाहेर आले. प्रत्येक प्रसंग असा निभावला नाही. ऑक्टोबरच्या आरंभी कैद्यांच्या दंगलीत पहारेकऱ्यांना गोळ्या झाडाव्या लागल्या आणि काही कैदी ठार झाले. दोन्ही महासत्तांची वृत्तपत्रे आपापल्या सोयीने भारतीयांना दोष देत राहिली. दोघांकडूनही शिव्या खाणे हाच तेथे निःपक्षपातीपणाचा त्यातल्या त्यात बरा पुरावा होता.

कैद्यांना आपला निर्णय सांगण्यासाठी ठरविलेली ९० दिवसांची मुदत २३ डिसेंबरला संपली. बहुतेकांनी आपला विचार बदलला नाही आणि १९५४ च्या जानेवारीत ते ज्यांच्याकडून आले होते त्यांच्याकडे परत सोपविले गेले. ८८ जणांनी मात्र उत्तरही नको आणि दक्षिणही नको असे सांगितले. आपल्यावर पहारा देणाऱ्या जवानांबरोबर ते फेब्रुवारीत जहाजात बसले आणि भारतात आले. त्यांतील बरेच जण दोन वर्षांनी ब्राझील, अर्जेंटिना येथे गेले. काही येथेच राहिले.